हेनारामावशीचं वजन

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण यातली गाडी आजही उभी आहे, ती लाकडी पट्टीही आहे, आणि ती पट्टी मी स्वतः हातात धरलेली आहे.

आणखी एक सांगते. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही रात्रीची नाही.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातला रविवार. दुपारचे अडीच. सांता फेजवळच्या चिमायो गावातलं माझ्या मावशीचं घर आणि त्यामागचं पत्र्याचं गॅरेज. अंगणात लाल मिरच्यांच्या माळा वाळत टांगल्या होत्या. ऊन इतकं लख्ख की समोरच्या टेकडीवरचं एकेक झुडूप मोजता यावं.

त्या उन्हात माझी मावसबहीण रोसेंडा गॅरेजमधून पळत बाहेर आली.

रोसेंडा पळणारी बाई नव्हे. वीस वर्षं ती सरकारी गॅरेजात बर्फ लोटणारे ट्रक दुरुस्त करते. एकदा जॅक निसटून ट्रक तिच्या बुटाच्या टोकावर बसला, तर ही म्हणाली, "कुणीतरी दुसरा जॅक आणा, घाई नाही."

ती का पळाली हे सांगायचं, तर आधी गाडीचं सांगायला हवं.

त्रेसष्ट सालची इम्पाला. डाळिंबी रंगाची. ओनोफ्रेकाकांनी, म्हणजे रोसेंडाच्या वडिलांनी, लग्नाआधी ती भंगारातून आणली आणि स्वतःच्या हातांनी जमिनीलगत बसवली. आमच्या खोऱ्यात गाडी पळवण्याचं कुणाला कौतुक नाही. गाडी खाली हवी, चकचकीत हवी, आणि सावकाश जायला हवी, म्हणजे लोकांना ती नीट बघता येते. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की काका आणि हेनारामावशी त्या गाडीतून एस्पान्योलाला जायचे, मोठ्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारायचे आणि परत यायचे. चव्वेचाळीस वर्षं त्यांचा हा नेम होता.

पण गाडी इतकी खाली बसवली की तिची पुढची चाकं नाजूक होतात. चाकांचा कोन केसभर चुकला तरी ताशी चाळीस मैलांच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागतं, हातात धरलेल्या कोंबडीसारखं. आणि हा कोन रिकाम्या गाडीवर लावून चालत नाही. जे बसणार, त्यांच्या वजनानं गाडी जेवढी दबते, तेवढी दाबूनच तो लावावा लागतो.

म्हणून दर वसंतात काका हा कोन मोजायला चारी चाकांभोवती दोरी ताणायचे. स्वतःच्या जागी वाळूच्या अठरा पिशव्या ठेवायचे, दहा-दहा पौंडांच्या. आणि शेजारच्या सीटवर?

"तुझं वजन सांग, तुझ्याही पिशव्या भरून ठेवतो," काका म्हणायचे.

"बाईला वजन विचारतात होय? मीच बसते."

आणि मावशी खरंच बसायची. तीन-तीन तास. हातात विणकाम, डॅशबोर्डवर कॉफीचा कप. काका गाडीखालून ओरडायचे, "हलू नकोस." ती वरून म्हणायची, "श्वास घेऊ, की तोही नको?"

शेजारचे तिबुर्सिओ कुंपणावर कोपरं टेकवून बघत असायचे. ते रोसेंडाचे बाप्तिस्म्यातले धर्मपिता, म्हणून ते आणि काका एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. "कोंपाद्रे," ते म्हणायचे, "तुमच्या जागची वाळू बरी. उलटून बोलत नाही."

हे तिबुर्सिओ एकदा हट्टानं मावशीच्या जागी बसून फिरायला गेले होते. देह मावशीच्या दुप्पट. चाळीसच्या वर गेल्याबरोबर गाडी अशी लटपटली की त्यांची हॅट खिडकीतून उडाली. मावशी महिनाभर खुशीत होती.

आता पट्टी. अक्रोडाच्या लाकडाची, गुडघ्याएवढी. तिचं एक टोक जमिनीवर टेकवायचं आणि ती उजव्या पुढच्या चाकापाशी उभी धरायची. मावशी सीटवर बसली की मडगार्डची खालची कड बरोबर जिथे यायची, तिथे काकांनी चाकूनं खाच पाडली होती. चव्वेचाळीस वर्षांत स्प्रिंगा दोनदा बदलल्या, खाच एकदाही बदलली नाही.

"बघा," मावशी म्हणायची, "लग्नातलं वजन आहे माझं. किती ते मात्र विचारू नका."

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये स्टिअरिंग थरथरलं.

दोघं रविवारचे निघाले होते. चाळीस मैल ओलांडले आणि चाक काकांच्या हातात नाचायला लागलं. पस्तीसवर आणलं, थांबलं. पुन्हा चाळीस केलं... पुन्हा सुरू.

काकांनी सोमवारपासून गाडीला हात घातला. शनिवारी रोसेंडा यायची. बापलेक दिवसभर गाडीखाली. टायर बॅलन्स करून आणले. पुढचे मागे, मागचे पुढे करून पाहिले. थरथर तशीच, म्हणजे दोष टायरचा नव्हता. चाक वर उचलून हातानं हलवून पाहिलं. बेअरिंग घट्ट. चाकं वळवणारे टायरॉड नवे टाकले. स्टिअरिंगची पेटी उघडून पाहिली, तिच्यात एका दाताचीही झीज नव्हती.

मावशी उपड्या बादलीवर बसून दोघांची मजा बघायची. दुपारी मक्याच्या रश्शाचं, पोसोलेचं, पातेलं आणून ठेवायची आणि आग्रह करून दोघांना वाढायची.

"तू, अमा?" रोसेंडा आईला विचारायची.

"मी मघाशीच जेवले."

सप्टेंबरातच तिनं अंगावर दोन-दोन स्वेटर चढवले होते. काका चेष्टा करायचे, "डिसेंबर आला की घरातल्या गोधड्या पांघरून फिरशील."

मग एका शनिवारी काकांनी आपल्या जागी पिशव्या ठेवल्या, मावशीला सीटवर बसवलं आणि रोसेंडानं पट्टी धरली.

"अपा, उजवी बाजू वर आलीय," ती वडिलांना म्हणाली.

"किती?"

"करंगळीच्या नखाएवढी."

काकांनी वाकून पाहिलं. "स्प्रिंग म्हातारी झाली."

"म्हातारी स्प्रिंग खाली बसते, अपा. वर कशी येईल?"

काकांनी खाचेवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नवी टाकू."

आणि दोघांनी नवी स्प्रिंग टाकली.

मला हे लिहितानाही त्रास होतो. खोऱ्यातले दोन उत्तम मेकॅनिक तिथे गुडघ्यांवर बसले होते. उजवी बाजू का उठते, हे दोघांपैकी कुणाही एकानं नुसतं मान वर करून पाहिलं असतं तरी दिसलं असतं. मावशी दोन स्वेटरांत समोर बघत बसली होती. तिला ठाऊक होतं का, हे आम्ही नंतर एकमेकींना खूपदा विचारलं.

नोव्हेंबरात नखाची दोन नखं झाली.

"जाऊ दे ना," मावशी म्हणाली. "तीस मैलांनी चालवा. आपल्याला कुठं विमान पकडायचंय?"

जानेवारीत ती चुलीपाशी कोसळली. सांता फेच्या दवाखान्यात नर्सनं तिचे दोन्ही स्वेटर उतरवले, तिला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला.

सत्त्याण्णव पौंड.

काका दाराशी उभे होते. ते हळूच भिंतीला धरून बाकावर बसले. रोसेंडाला वाटलं यांनाच काहीतरी होतंय. ती जवळ गेली.

"उजवी बाजू..." काका म्हणाले.

"काय, अपा?"

"सहा महिने मी गाडीखाली पडून होतो, मीहा." लेकीला ते मीहाच म्हणत. "दुखणं वर सीटवर बसलं होतं."

दुखणं पोटात होतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात आणलं असतं तर काही करता आलं असतं. फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात मावशी गेली.

त्यानंतर रोसेंडाला झोप लागेना. मला म्हणायची, "गाडीनं सांगितलं होतं गं. माझ्या हातात पट्टी होती. मी बोललेसुद्धा, स्प्रिंग वर कशी येईल. बोलले आणि पाना उचलला."

काकांनी सगळ्यांना एकच ताकीद दिली. गाडीच्या चाकांना कुणी हात लावायचा नाही. "तिच्या मापाची आहे. तशीच राहील."

मात्र रविवारचा नेम त्यांनी सोडला नाही. ते एकटेच जात.

इथे रोसेंडाचा जीव टांगणीला लागला. सत्त्याण्णव पौंडांनी जी गाडी थरथरत होती, ती रिकाम्या सीटनं किती थरथरत असेल? एस्पान्योलाच्या वाटेवर एक वळण आहे, तिथे रस्त्याकडेला अपघातात गेलेल्यांचे सात क्रूस रोवलेत, प्रत्येक क्रूस कुणाच्या ना कुणाच्या घरचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, एकटा, आणि हातात नाचणारं स्टिअरिंग.

"थरथरते का हो?" ती दर आठवड्याला विचारायची.

"नाही गं."

तिला वाटायचं, अपा खोटं बोलतायत. तिनं मनाशी ठरवलं. आईच्या वेळी चुकले, अपांच्या वेळी चुकणार नाही. चाकं एका माणसाच्या मापाची लावून टाकायची. गुपचूप.

तर, तो ऑक्टोबरातला रविवार. काका फेरी मारून परत आले आणि तिबुर्सिओंकडे मिरच्या भाजायला गेले. रोसेंडानं किल्ली घेतली.

आधी ती एकटी गाडी घेऊन निघाली. चाळीस... आणि स्टिअरिंग असं हादरलं की तिचे दात वाजले. म्हणजे तिचा संशय खरा होता. अपा दर रविवारी मरणाशी खेळत होते आणि लेकीला "नाही गं" म्हणत होते.

ती गॅरेजात आली. ड्रायव्हरच्या सीटवर काकांच्या अठरा पिशव्या ठेवल्या आणि पट्टी लावली. मडगार्ड खाचेच्या बोटभर वर होतं. आता दोरी ताणायची आणि कामाला लागायचं. पण तिला एक वेडी इच्छा झाली. हे माप मोडण्याआधी आईचं वजन किती होतं, एवढं तरी कळावं.

तिनं बरोबर आणलेल्या पिशव्या उजव्या सीटवर ठेवायला सुरुवात केली. एकेक करून. दहा ठेवल्या, अजून वर. बारा. चौदा. पंधरा...

सोळाव्या पिशवीला मडगार्ड खाचेवर आलं.

एकशे साठ पौंड. ड्रायव्हरच्या सीटवरच्या पिशव्या काढून ती स्वतः बसली आणि पुलापर्यंत जाऊन आली. पन्नास मैलांपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली.

परत आल्यावर ती गॅरेजात उभी राहून रडली. मोठ्यानं रडली. "एवढंच होतं, अमा? एवढ्यासाठी चव्वेचाळीस वर्षं लपवलंस? अमा, मला सांगायचंस तरी."

मग डोळे पुसले. काम उरकायला हवं होतं. काकांच्या पिशव्या पुन्हा त्यांच्या जागी ठेवल्या. मग उजव्या सीटवरच्या सोळा पिशव्या एकेक करून खाली उतरवल्या, भिंतीला लावल्या.

शेवटची पिशवी ठेवून ती वळली, तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

काय ते पटकन कळेना.

मग कळलं... आवाज झाला नव्हता. वजन उतरलं की स्प्रिंग कुरकुरते, गाडी उसासा टाकून वर येते. लहानपणापासून हजारदा ऐकलेला आवाज. सोळा पिशव्या उतरल्या आणि गाडी गप्प होती.

तिनं पट्टी उचलली. उजव्या चाकापाशी उभी धरली.

मडगार्ड... खाचेवर.

तिला वाटलं एखादी पिशवी राहिली. भिंतीपाशी जाऊन मोजल्या. सोळा. सीटखाली पाहिलं, मागे पाहिलं. काही नव्हतं. स्प्रिंग कुठे अडकली असेल म्हणून तिनं मडगार्डला हातानं दाब दिला. मडगार्ड मऊपणे खाली गेलं आणि मऊपणे वर आलं. खाचेपर्यंतच.

मग तिनं सीटकडे पाहिलं.

सीटचं कापड दबलेलं होतं. मधोमध. आणि बघता बघता ते जरासं... एका बाजूला कललं. खूप वेळ बसल्यावर माणूस अंग बदलून बसतं, तसं.

रोसेंडानं त्या सीटवर हात ठेवून पाहिला नाही. का नाही, मी विचारलं. ती म्हणाली, "बसलेल्या माणसावर कोण हात टेकवतं?"

त्याच वेळी तिला टिकटिक ऐकू आली. इंजिन गार होताना टिकटिकतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? ती स्वतःला तेच सांगत होती. पण इंजिनाची टिकटिक हळूहळू विरळ होत जाते. ही विरळ होईना. टिक... टिक... टिक... मग थोडं थांबायची, ओळ संपून विणकाम उलटं धरायला लागतो तेवढंच. आणि पुन्हा सुरू.

आवाज पुढून येत नव्हता. उजव्या काचेमागून येत होता.

तेव्हा ती पळाली.

फाटकापाशी काका उभे होते. हातात भाजलेल्या मिरच्यांची पिशवी, धुराचा वास. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग उघड्या गॅरेजकडे.

"चाकांचा बोल्ट फिरवलास?" एवढंच विचारलं.

"नाही."

"बरं झालं."

"अपा... तुम्हाला माहीत होतं?"

"मार्चपासून."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की दर आठवड्याला. थरथरत नाही म्हणालो."

रोसेंडा पायरीवर बसली. "पण मी आधी एकटी नेली तेव्हा हादरली. दात वाजले माझे."

"तुझ्या आईनं बोलावल्याशिवाय कधी कुणाच्या गाडीत पाय ठेवलाय?" काका म्हणाले. "नंतर तू हाक मारली असशील."

हाक तर तिनं मारलीच होती.

काका तिच्याशेजारी बसले. मिरच्यांची करपलेली सालं सोलायला लागले. मग म्हणाले, "शेवटची ती येत नाही, मीहा. दोन स्वेटरातली. खाचेवरची येते. आधीची. भरलेली." आणि मग चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

चाकांना कुणी हात लावला नाही.

फेब्रुवारीत मावशीची वर्षाची मिस्सा होती. आमच्याकडे त्या मिस्सेनं दुःख पुरं होतं. काळे कपडे उतरतात, गेलेल्या माणसाला निरोप दिला जातो. काका गाडी घेऊनच गेले. मागे ट्रकमध्ये रोसेंडा आणि तिच्याशेजारी मी. हे पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

जाताना सरळ रस्त्याला काका पंचेचाळीसवर होते. गाडी रेषेवरून जावी तशी गेली.

येताना त्याच रस्त्याला, त्याच ठिकाणी... डाळिंबी गाडीचं पुढचं टोक एकाएकी हललं. मागचे लाल दिवे लागले. गाडी कडेच्या बर्फात शिरून उभी राहिली.

आम्ही धावलो. काकांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. ते उजव्या सीटकडे बघत होते. कापड ताठ, गुळगुळीत, नवं असल्यासारखं.

"उठून गेली," काका म्हणाले. पंगतीतून कुणी लवकर उठून जावं, तसं म्हणाले.

घरी पोचेपर्यंत वीसच्या वर गेले नाहीत. फाटकात उतरल्यावर रोसेंडाला म्हणाले, "आता एकट्यापुरती लाव."

पुढच्या शनिवारी लावली. मीही होते. या वेळी वाळू नव्हती. काका स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मांडीवर मावशीचं अर्धवट विणकाम घेतलं होतं. रोसेंडा गाडीखाली.

"हलू नका, अपा," ती खालून म्हणाली.

आणि थांबली. वरून काहीतरी उत्तर येईल म्हणून आम्ही तिघंही थांबलो, हे तिघांनाही कळलं. काही आलं नाही. मग पाना फिरल्याचा आवाज झाला.

पट्टीवर दोन नव्या खाचा पडल्या. डाव्या बाजूची, काकांच्या वजनाची. उजव्या बाजूची, रिकाम्या सीटची.

वसंत गेला, उन्हाळा गेला. गाडी एका माणसाला घेऊन सरळ जात होती. रोसेंडाला झोप लागायला लागली. मलाही वाटलं, संपलं.

या ऑगस्टात तिचा फोन आला. आवाज कोरडा.

"थरथरतेय."

पुढचं तिनं सांगायची गरज नव्हती. मी गाडी काढून निघाले. मी पोचले तेव्हा रोसेंडा गॅरेजात उभी होती. जॅक लावलेला नव्हता, पाना पेटीत होता. या वेळी ती गाडीखाली शिरलीच नव्हती.

"बसा, अपा," ती म्हणाली. काका निमूट ड्रायव्हरच्या सीटवर बसले. "पट्टी तू धर. मला बघवणार नाही."

मी डाव्या चाकापाशी गुडघे टेकले. खरं सांगते, डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते. मडगार्ड खाचेच्या वर दिसलं असतं, नखभर जरी, तर दवाखाना, काटा, नर्स, सगळं पुन्हा.

मडगार्ड बरोबर खाचेवर होतं.

"हललं नाही," मी म्हणाले. "रोसेंडा, हललं नाही." ती मटकन खाली बसली आणि हसत-रडत राहिली. काकांचं वजन होतं तेवढंच होतं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनीही तेच सांगितलं, एकशे ऐंशी, ठणठणीत.

मग थरथर कशाची?

मला उठताना सहज वाटलं, म्हणून मी पट्टी घेऊन उजवीकडे गेले. आपण नसतो का उगाच दोन्ही बाजू बघून घेत.

उजवं मडगार्ड... नव्या खाचेच्या बोटभर खाली होतं.

त्याच्याखाली पट्टीवर जुनी खाच होती. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. मडगार्ड तिच्यावर टेकलं होतं.

मी वर पाहिलं नाही. पट्टी जमिनीवर ठेवली आणि भिंतीपर्यंत मागे सरले. गाडीतून काकांचा आवाज आला. अगदी शांत, थोडा हसराच.

"मला वाटलंच."

रोसेंडानं पेटीतला पाना हातात घेतला. "पुन्हा दोघांची लावू का, अपा?"

"कशाला? तीस मैलांनी चालवतो." त्यांनी उजव्या सीटकडे पाहिलं. "आम्हाला कुठं विमान पकडायचंय?"

ही गोष्ट इथवरच आहे. तिचा उलगडा माझ्याकडे नाही. तिबुर्सिओ म्हणतात, बायकोला नवऱ्याशिवाय करमेना, एवढा साधा मामला आहे. असेलही. पण मावशी निरोप घेऊन गेली होती. ते उठून जाणं मी पाहिलंय. निरोप घेऊन गेलेलं माणूस पुन्हा येतं, ते नुसतं बसायला येतं, की कुणाला न्यायला येतं?

माझी मावशी होती ती. लहानपणी तिच्या मांडीवर झोपलेय मी. तरी मला तिची भीती वाटते, आणि भीती वाटते याचंच जास्त वाईट वाटतं.

रोसेंडा आता दर शनिवारी काकांना सीटवर बसवते आणि डाव्या बाजूला पट्टी लावते. उजवीकडे ती बघत नाही. मग मला फोनवर एक शब्द पाठवते. "खाचेवर." एकही शनिवार चुकला नव्हता.

आज रविवार आहे. दुपार कलली. कालचा निरोप अजून आलेला नाही.